कायसम्राट

"वाच. मोठ्यानं वाच."

जितेशभाऊने मोबाइल काउंटरवर आपटला. काउंटरची काच तडकली नाही, हे काचेचं कौतुक. मधु केणेने चष्मा वर सरकवला, मोबाइलमधल्या फलकाच्या फोटोकडे पाहिलं आणि शाळेत धडा वाचावा तसं स्वच्छ वाचलं, "कार्यसम्राट माननीय जितेशभाऊ यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा."

"परत वाच."

"कार्यसम्राट माननीय..."

"अक्षर अक्षर वाच रे, आंधळ्या!"

मधुने बोट टेकवलं. "का... य..." बोट तिथेच थांबलं. घरातलं कोणी गेल्याचा फोन यावा तसा त्याचा चेहरा झाला. "रफार गेला," तो म्हणाला.

"रफार नाय गेला, माझी इज्जत गेली! कायसम्राट! सकाळपासून अख्खं बदलापूर मला काय सम्राट बोलतंय. पोरं बाइकवरून वरडत जातात, काय सम्राट, जेवलास काय! शिरगावापासून स्टेशनपर्यंत बावीस फलक लावलेत. बावीस!"

"सनीच्या ग्रुपवर स्टिकर पण बनलाय, अंकल," जितेशभाऊच्या मागे उभी असलेली किर्ती म्हणाली. किर्ती म्हणजे भाऊंचं फेसबुक, इन्स्टा आणि निम्मा मेंदू. आणि सनी म्हणजे शिरगावच्याच वॉर्डातला दुसरा इच्छुक, ज्याच्या नुसत्या नावाने जितेशभाऊला आम्लपित्त व्हायचं.

मी कोपऱ्यातल्या स्टुलावर चहा घेऊन बसलो होतो. बदलापूरच्या कुळगाव भागातल्या त्या अक्षरजुळणीच्या दुकानात ते स्टूल माझंच. कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी दहा ते बारा मी तिथे बसतो, पेपर फुकट वाचतो आणि गिऱ्हाइकांना फुकट सल्ले देतो. मला सगळे अण्णा म्हणतात. पाठीमागे थापाडे अण्णा म्हणतात, तेही मला माहीत आहे.

मधुने मोबाइल हातात घेऊन फोटो मोठा केला. एकदम त्याच्या तोंडावर थोडा उजेड आला. "भाऊ, हे बघा ना. हार्दिकचाही गेलाय. हादिक झालंय. आणि खाली सर्व कार्यकर्ते लिहिलं होतं मी. तिथे सव कायकते आलंय. एकूण एक रफार गेलाय. म्हणजे कोणी मुद्दाम केलेलं नाही. छपाई होते तिथे, उल्हासनगरच्या कॉम्प्युटरमध्ये, फाँटचा काहीतरी..."

जितेशभाऊने आणि किर्तीने खालची ओळ पहिल्यांदाच वाचली. फलक लावणाऱ्यांनी वाचली नव्हती, ज्या कार्यकर्त्यांच्या नावाने ती छापली होती त्यांनीही वाचली नव्हती. किर्तीने वाचली आणि तिचे डोळे मोठे झाले.

"भाऊ! ह्यांनी कार्यकर्त्यांना पण शिव्या घातल्यात! काय कते! म्हणजे कुत्तेच ना!"

आता बोला. बिचाऱ्याने पुरावा म्हणून जे पुढे केलं, त्याचाच दुसरा गुन्हा झाला.

"आणि वरून डायलॉग मारतोस?" जितेशभाऊ काउंटरवर वाकला. "काम काय दिसत नाही, मग कार्यातला रफार कशाला ठेवू, उतरवून घेतला. असं बोललास ना तू? सगळ्या ग्रुपवर फिरतंय, तुझ्या नावाने."

"मी?" मधु म्हणाला. "मी असं कधी बोललो?"

मी चहात बघितलं. चहात बघण्यासारखं काही नव्हतं.

"ऐक. पाच वाजता शिरगावच्या चौकात यायचं. मोठ्या फलकाखाली उभं राहायचं. किर्ती व्हिडिओ काढेल. बोलायचं, सनीने सांगितलं म्हणून मी मुद्दाम केलं, भाऊंची माफी मागतो. नाय आलास तर तुझ्या मालकाला, हरेशशेठला, बोलून ठेवलंय. हे दुकान दिसणार नाय आणि तू पण."

जाता जाता त्याने काउंटरवरचा लग्नपत्रिकांच्या नमुन्यांचा जाडजूड आल्बम उचलला आणि मधुच्या डोक्यात हाणला. चष्मा खाली पडला. गणपतीची सोनेरी चित्रं दुकानभर उडाली. मधुने आधी चष्मा उचलला, मग एकेक गणपती.

मला चार गोष्टी सांगायच्याच तर आधी ही सांगतो. मधुने जन्मात कधी विनोद केला नव्हता. त्याला कोणी विनोद सांगितला तर तो शेवटपर्यंत लक्ष देऊन ऐकायचा आणि म्हणायचा, "बरं, मग पुढे?" लग्नात उखाणा घ्यायला सांगितला तेव्हा त्याने वेणूचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, सांगून टाकलं होतं. वेणू अजून त्यावरून त्याला टोमणे मारते.

पण अक्षर? अक्षराच्या बाबतीत तो राक्षस होता. सोळाव्या वर्षी कुळगावच्या छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायला लागला. त्या काळी रफाराचा खिळा वेगळा असायचा, तांदळाच्या कणीएवढा. चिमट्याने उचलून अक्षराच्या डोक्यावर बसवायचा. शिंक आली की गेला. मधु रफार बसवताना श्वास धरायचा. मी स्वतः पाहिलंय, त्याने एकदा इतका वेळ श्वास धरला की मालकाने डॉक्टरला बोलावलं. बरं, डॉक्टरला नाही बोलावलं. पण मालक खुर्चीतून उठला होता, एवढं नक्की. मग छापखाना बंद पडला, कॉम्प्युटर आले, आणि उल्हासनगरच्या हरेशशेठने फ्लेक्सचं मशीन टाकलं तेव्हा कुळगावच्या दुकानात मधुला बसवला. अक्षरजुळणी इथे, छपाई तिथे. चोवीस वर्षांत मधुच्या हातून एक वेलांटी चुकली नाही. गावातल्या बारशाच्या, मुंजीच्या, तेराव्याच्या सगळ्या पत्रिका त्याच्या बोटांखालून गेल्या. लोक जन्मले, परणले आणि मेले, सगळे शुद्धलेखनात.

आता माझं सांगतो. त्या दिवशी सकाळी सात वाजता मी चहाच्या टपरीवर होतो. समोरच पहिला फलक लागला होता आणि माणसं त्याच्याकडे बघून हसत होती. कोणीतरी म्हणालं, प्रिंटिंग मिस्टेक असेल. प्रिंटिंग मिस्टेक! मला ते सहन झालं नाही. इतकी सुंदर गोष्ट, आणि तिला मिस्टेक म्हणून सोडून द्यायची? मशीन चुकलं, यात ऐकण्यासारखं काय आहे? मी म्हणालो, "मिस्टेक कसली! मधुने मला काल स्वतः सांगितलं. म्हणाला, अण्णा, काम काय दिसत नाही, मग कार्यातला रफार कशाला ठेवू, उतरवून घेतला."

टपरी अशी हसली की दुधाचं पातेलं उतू गेलं. ते मात्र खरंच गेलं. दहा मिनिटांत वाक्य कुळगावभर, अर्ध्या तासात अंबरनाथला, आणि आठच्या सुमारास ते आनंदनगरच्या कंपन्यांत पहिल्या पाळीच्या कँटीनमध्ये पोहोचलं होतं. कुळगावच्या जुन्या विहिरीत मगर असल्याची बातमीही माझीच होती. ती शोधायला दोन दिवस पोलीस बसले होते. पण मगरीला बायको नव्हती, नोकरी नव्हती.

जितेशभाऊ गेल्यावर मी मधुला हे सांगायला हवं होतं. सांगणार होतो. तेवढ्यात माणसं यायला लागली.

पहिली आली सरस्वतीबाई, समोरच्या चाळीतली. हातात सासऱ्याच्या तेराव्याची पत्रिका. "मधुभाऊ, ही तुम्हीच केली ना? हे काय छापलंय, शोकाकुल?"

"शोकाकुलच, वहिनी. बरोबर आहे."

"बरोबर काय? शोक आणि वर कूल? आमचा सासरा मेला आणि आम्ही कूल? माझ्या पोराने आत्ता दाखवलं म्हणून कळलं. दोन वर्षं लोक हसत असतील आम्हाला."

"वहिनी, तो शब्दच तसा आहे."

"सगळे शब्द तुमचेच तसे असतात वाटतं!"

मग एक जण लग्नपत्रिका घेऊन आला. त्यात 'आपले विनीत' छापलं होतं आणि त्याच्या मेव्हण्याचं नाव विनीत. गावातल्या प्रत्येकाने कपाट उघडून जुनी पत्रिका काढली होती, आणि प्रत्येकाला तिच्यात आपल्यावरची थट्टा सापडली होती. जिथे सगळं शुद्ध होतं तिथे संशय जास्त. "एक पण चूक कशी नाय? मुद्दाम लपवलं असणार," असं एक शहाणा म्हणाला. मधु एकेका पत्रिकेवर बोट ठेवून समजावत होता. चोवीस वर्षं ज्यांची नावं नीट लिहिली, ती माणसं काउंटरच्या पलीकडे उभी राहून त्याच्याकडे पाकीटमाराकडे बघावं तशी बघत होती. जी बघत नव्हती, ती पाठीवर थाप मारत होती. "जबरी दिली, मधुभाऊ! वाटलं नव्हतं तुमच्यात एवढा दम असेल!" मला वाटतं, त्या थापाच त्याला जास्त लागल्या.

बारा वाजता त्याने शटर ओढलं. "अण्णा, उल्हासनगरला चला. तुम्ही साक्षीदार राहा. फाईल उघडून बघू."

साक्षीदार! मला निवडलं त्याने, बघा.

हरेशशेठचा कारखाना म्हणजे कॅम्प नंबर तीनमधला एक लांबट गाळा. शाईचा वास असा की दोन मिनिटांत डोकं हलकं होतं. आठवड्यापूर्वीच शेठने मशीनला नवा कॉम्प्युटर जोडला होता. मधु नेहमी अक्षरांचं चित्र करून फाईल पाठवायचा, म्हणजे पलीकडच्या कॉम्प्युटरवर कुठला फाँट आहे, कुठला नाही, याचा प्रश्नच येत नाही. या वेळी शेठनेच फोन केला होता, भाऊंचा फोटो मोठा करायचा आहे, खुली फाईल पाठव. मधुने पाठवली. त्याच्या पडद्यावर सगळे रफार होते.

तो त्या नव्या कॉम्प्युटरसमोर बसला. फाईल उघडली. कायसम्राट. मग त्याने रफाराची कळ दाबली. पडद्यावर काही उमटलं नाही. परत दाबली. काही नाही. दहा वेळा दाबली. इतर सगळी अक्षरं येत होती, मात्रा येत होत्या, अनुस्वार येत होता. त्या फाँटमध्ये रफाराच्या जागी नुसतं रिकामं होतं.

"शेठ, बघितलंत?" मधुचा आवाज चढला होता. मी तो पहिल्यांदाच चढलेला ऐकला. "इथे रफारच नाही! तुमच्या नव्या कॉम्प्युटरमध्ये हा फाँट अर्धवट भरलाय कोणीतरी!"

हरेशशेठने चष्म्यातून वाकून पाहिलं. "दिख गया, साईं. आता बंद कर."

"जितेशभाऊंना फोन लावा. त्यांना सांगा."

"काय सांगू? माझा मशीन अक्षर खातो?" शेठने दार लोटून घेतलं. "अरे मधु, इलेक्शन तोंडावर आहे. सब पार्टी का माल इधर छपता है. उद्या सगळे बोलतील, हरेशकडे देऊ नका, तो र खातो. मी काय करू मग? पापड विकू?"

"म्हणजे मी खोटं बोलू?"

"दो मिनिट का काम है, बाबा. बोल, हां, केलं, सनीने सांगितलं, सॉरी. पब्लिक तुला हिरो समजते. तू हिरो बन, मला धंदा करू दे."

"सनीला मी ओळखतही नाही."

"तर ओळख करून घे!" शेठचा आवाज एकदम कडक झाला. "मी समजावून सांगतोय तर डोक्यावर बसतोस? तुझ्यासारखे दहा ऑपरेटर मिळतात मला. आता तर मोबाइलवर बोललं तरी मराठी टाइप होतं. व्हिडिओ नाय झाला तर उद्या सकाळी दुकानाची चावी आणून दे."

मधुने फाईल बंद केली. मग म्हणाला, "लाल रेडियम आहे का? चिकटवायचं."

शेठला वाटलं, गडी वळला. अख्खा रोल काढून दिला त्याने.

परतीच्या रिक्षात मधु मांडीवर रोल घेऊन कात्रीने रफार कापत होता. कागदावर आकडेमोड केली होती. एका फलकावर पाच. कार्यसम्राटचा एक, तो हातभर. हार्दिकचा वीतभर. सर्वचा आणि कार्यकर्तेमधले दोन, ते बोटाएवढे. बावीस फलक. एकशे दहा रफार. अंबरनाथच्या खड्ड्यांतून रिक्षा उडत होती आणि याची कात्री रेषा सोडत नव्हती. तेव्हा मी सांगितलं.

"मधु, ते वाक्य माझं आहे. टपरीवर मीच बोललो. तुझ्या नावावर."

कात्री थांबली. त्याने माझ्याकडे पाहिलं, विनोद ऐकून झाल्यावर पाहायचा तसं. "बरं," तो म्हणाला. "मग पुढे?"

मी त्याच्या पायाशी पडलेले लाल कपटे वेचायला लागलो.

पाच वाजता शिरगावच्या चौकात जत्रा भरली होती. वडापाववाल्याने गाडी तिथेच आणून लावली होती. वर तो वीस फुटी फलक, त्यावर हात जोडलेला जितेशभाऊ, आणि खाली तोच जितेशभाऊ हात कमरेवर ठेवून. मधु खांद्यावर शिडी घेऊन आला. लोकांनी टाळ्या पिटल्या. "काय सम्राट आले! काय सम्राट आले!"

"शिडी कशाला?" जितेशभाऊ गुरगुरला. "फाशी घेतोस काय?"

किर्तीने मोबाइल धरला. "अंकल, कॅमेऱ्यात बघा. सनीचं नाव क्लिअर घ्या. चला."

मधुने घसा साफ केला. "माझं नाव मधुकर केणे. हे रफार मी काढलेले नाहीत. मला कोणी सांगितलं नव्हतं. ते कॉम्प्युटरने गेले. मी गंमत केली नाही." मग जे खरं होतं तेवढंच त्याने जोडलं, "मला गंमत करता येत नाही."

चौक फुटला. माणसं पोट धरून हसली. वडापाववाला गाडीला धरून खाली बसला. त्या दिवसातला सगळ्यात मोठा विनोद तोच ठरला आणि मधु वेड्यासारखा सगळ्यांकडे बघत होता.

"कट, कट!" किर्ती ओरडली.

मी पुढे झालो. "जितेश, ते वाक्य मी रचलं. मधु तसं बोललाच नाही. मी शपथेवर सांगतो."

जितेशभाऊने माझ्याकडे पाहिलं आणि त्यालाही हसू आलं. "अण्णा, विहिरीतली मगर पण तुम्ही शपथेवरच बघितली होती ना?"

पुन्हा हशा. अठ्ठ्याहत्तर वर्षांत मी एकदा भर चौकात खरं बोललो. त्यावर मला मिळाला तेवढा हशा कुठल्याच थापेला मिळाला नव्हता.

तोपर्यंत मधुने शिडी फलकाला टेकवली होती आणि तो चढायला लागला होता. भाऊंच्या एका माणसाने शिडीला लाथ घातली. शिडी डुगडुगली, मधुने फलकाची दोरी धरली. लोक "ए, ए" करत मागे सरकले, पुढे कोणी आलं नाही. आला तो बुधाजी. जितेशभाऊचा बाप. ऐंशीच्या पुढचा, धोतर वर खोचलेलं, आयुष्यभर भात लावलेला, अक्षरशत्रू. त्याने दोन्ही हातांनी शिडी धरली.

"हलवशील त हात तोरीन," तो त्या माणसाला म्हणाला. "मानूस वर चरलाय, दिसत नाय काय?"

"बाबा, तुम्ही बाजूला व्हा," जितेशभाऊ म्हणाला.

बुधाजी हलला नाही. मान वर करून त्याने विचारलं, "काय लावतंस रं तिथं?"

"रफार, बाबा."

"त्यानं काय व्हतं?"

मधुने दाताने रेडियमचा मागचा कागद सोलला. "नाव नीट होतं."

"मंग लाव."

मधुने श्वास धरला. खालून मला दिसलं. हातभर लांबीचा लाल रफार त्याने 'य'च्या डोक्यावर ठेवला, तळव्याने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दाबला, बुडबुडा राहिलेला नखाने काढला आणि मगच श्वास सोडला. वाचा आता. कार्यसम्राट. पण वाचायला कोण होतं? नीट झाल्याबरोबर लोकांचा रस गेला. पांगले सगळे. जितेशभाऊ बापाला काही बोलू शकत नव्हता म्हणून गाडीच्या दाराला बोलला. दार असं आपटलं की आरसा निखळला. काच खाली करून तो म्हणाला, "बावीसच्या बावीस लाव. आणि मग मना तोंड दाखवू नको. हरेशला फोन करतो आत्ताच."

मधु खालच्या ओळीवर आला होता. किर्ती मोबाइल पिशवीत टाकत म्हणाली, "अंकल, वरचा लावलात ना? मग बस ना. खालचं कोण वाचतंय?"

"चूक आहे ना ते," मधु म्हणाला आणि सर्वचा रफार शोधायला लागला.

दिवेलागणीपर्यंत नऊ फलक झाले. बुधाजी चौथ्यापर्यंत शिडी धरून होता, पुढे मी धरली. उरलेले तेरा मधुने दुसऱ्या दिवशी लावले, हरेशशेठला चावी देऊन आल्यावर. वाढदिवस तर होऊन गेला होता.

त्याच संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. वेणूने दार उघडलं, मला आत घेतलं, पंखा लावला. "अण्णा, तुमची गंमत झाली," ती म्हणाली. एवढंच. इतक्या वर्षांत त्या घरात मला पहिल्यांदा कोणी चहा विचारला नाही.

मधु आता आनंदनगरच्या एका कंपनीत खोक्यांवर बॅच नंबर मारतो. नुसते आकडे. आकड्यांना रफार नसतो. कुळगावच्या दुकानात मोबाइलवर बोलून मराठी टाइप करणारा माणूस बसतो. त्या दुकानातल्या पत्रिकांबद्दल मी काही बोलणार नाही. जितेशभाऊच्या पुढच्या वाढदिवसाला फलक कल्याणहून आले, त्यात 'वाढदिवस' चुकला होता. कोणाच्या लक्षात आलं नाही. मी कोणाला दाखवलं नाही. माझं स्टूल मी घरी आणलंय.

चौकातला मोठा फलक बुधाजीने मागून घेतला आणि शिरगावच्या शेतावर पेंढ्याच्या उडवीवर टाकला. गेल्या आठवड्यात मी तिकडे गेलो होतो. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः जाऊन बघा. दोन उन्हाळ्यांनी त्यावरचं सगळं खाल्लंय. भाऊंचा चेहरा गेला, जोडलेले हात गेले, अक्षरं पार पांढरी झाली. फक्त पाच लाल रफार जिथल्या तिथे आहेत. एक हातभर, एक वीतभर, तीन बोटाएवढे. एकाचाही कोपरा उचकटलेला नाही.